कायद्याचे शिक्षण आणि गरिबाचे घर

बाग सेवनिया येथील एका भगिनीचे चार ओळींचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांची कन्या बारावीत शिकत असून तिला वकील व्हावयाचे आहे. वडील एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहेत. "आमच्यासारख्यांनी असा विचार मनात आणावा की नाही, एवढेच सांगा," असा प्रश्न मातेने विचारला आहे. पत्रात पैशाची मागणी नाही, शिफारसपत्राची नाही; केवळ विचार करण्याची परवानगी मागितली आहे. हा प्रश्न एकाच घराचा नसल्यामुळे त्याचे उत्तर ह्या सदरातून देणे आम्हांस उचित वाटते.

उत्तर असे की, विचार अवश्य करावा. आणि तो बारावीचा निकाल लागल्यावर नव्हे, तर आजच करावा.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत मुलगी हुशार निघाली की तिने परिचारिका किंवा शिक्षिका व्हावे, मुलगा हुशार निघाला की त्याने यंत्रविद्या शिकावी, असा एक ठरीव मार्ग पडून गेला आहे. ह्या व्यवसायांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु वकिलीचे नाव निघताच घरातील वडीलधारी माणसे नाक मुरडतात. वकील म्हणजे खोटे बोलणारा, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे दोन सिद्धांत जणू धर्मशिक्षणाबरोबरच आपल्याला पाजलेले असतात. दुसरा सिद्धांत ज्याच्यापाशी घर, जमीन आणि ओळखीपाळखी आहेत त्याच्यापुरता ठीक आहे. गरिबाने पायरी चढावयाची नाही असे ठरविले तरी कोर्टच त्याच्या दारी येते. कधी ते घर पाडण्याच्या नोटिशीच्या रूपाने येते, कधी थकलेल्या मजुरीच्या, तर कधी नवऱ्याने टाकलेल्या लेकीच्या रूपाने.

हे भोपाळच्या माणसास अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. १९८४ च्या डिसेंबर महिन्यातील २ आणि ३ तारखांमधली रात्र ह्या शहराने पाहिली आहे. विषारी वायूने जे झाले ते एका रात्रीत झाले. त्यापुढचे सारे कागदावर झाले. १९८५ साली कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. १९८९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. फौजदारी खटल्याचा निकाल लागावयास २०१० चा जून महिना उजाडला, आणि शिक्षा झाली ती दोन वर्षांची. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली याचिका २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ह्या सगळ्या काळात ज्यांची फुप्फुसे जळाली होती ते बहुतेक वेळा कोर्टाच्या बाहेर उभे होते, आणि आत काय बोलले जात आहे ते त्यांना दुसऱ्याने सांगावे लागत होते. ज्या वस्तीवर संकट येते त्या वस्तीतीलच एखादा मुलगा किंवा मुलगी काळा कोट घालून आत उभी असती तर निकाल बदलला असता, असा आमचा दावा नाही. परंतु आत काय चालले आहे ते त्या लोकांना त्यांच्या भाषेत कळले असते, आणि ही गोष्ट लहान नव्हे.

खोटे बोलण्याच्या आरोपाविषयीही थोडे लिहितो. ब्रिटनी प्रांतातील संत इव्हो हे १२५३ साली जन्मले. पॅरिस आणि ऑर्लेआँ येथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि पुढे ते धर्मगुरू झाले. धर्मप्रांताच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून काम करीत असता अन्यत्र ते विधवा, अनाथ आणि निर्धन ह्यांची बाजू फुकट मांडीत. १३०३ साली त्यांना देवाज्ञा झाली आणि १३४७ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. १९ मे हा त्यांचा सण. लंडनच्या लिंकन्स इनमध्ये कायदा शिकलेले संत थॉमस मूर तर वाचकांच्या परिचयाचेच आहेत. राजाला हवा तो शब्द उच्चारला असता तर त्यांचे मस्तक वाचले असते. संत पौलानेही आपण रोमी नागरिक आहोत हे फटके बसण्यापूर्वी सांगितले आणि पुढे थेट कैसराकडे दाद मागितली. कायद्याचा आधार घेण्यात अश्रद्धा आहे असे त्यास वाटले नाही.

आता शिष्यवृत्तीकडे वळू. ह्या बाबतीत आपल्या मराठी मुलखाच्या इतिहासात दोन उदाहरणे अशी आहेत की ती प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावीत.

पहिले उदाहरण कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचे. १८६६ साली नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. ही मंडळी आपल्या कॅथलिक पंथाची नव्हेत, पण म्हणून त्यांचा अभिमान बाळगण्यास आपणांस प्रत्यवाय नाही. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि पदवी परीक्षेत त्यांनी असे यश मिळविले की इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती. ती त्यांना नाकारण्यात आली. कारण एकच, उमेदवार स्त्री होती. तेव्हा काही इंग्रज हितचिंतकांनी वर्गणी करून त्यांच्यासाठी निराळी व्यवस्था केली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचाही समावेश होता. १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील नागरी कायद्याच्या उच्च परीक्षेस बसल्या. ती देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली, म्हणजे ३० वर्षांनी, कारण परीक्षा दिली त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांस पदवीच देत नसे. हिंदुस्थानात स्त्रियांस वकिलीचा मार्ग खुला करणारा कायदा १९२३ चा. मधल्या काळात ही बाई स्वस्थ बसली नाही. १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामात राहून तिने पडद्याआड राहणाऱ्या शेकडो स्त्रियांची मालमत्ता आणि अब्रू सांभाळली.

दुसरे उदाहरण ह्याच प्रदेशातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. महू आजही मध्य प्रदेशात आहे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. आणि पुढल्याच वर्षी, १९१७ साली, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. इतक्या बुद्धीचा मनुष्य, आणि पैसा संपला म्हणून जहाजावर चढून मायदेशी परत येतो! त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना नावाच्या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले. ह्या कथेत संस्थानिकांचे औदार्य आहे हे खरे. परंतु त्या औदार्याच्या दोन तुकड्यांमधली तीन वर्षे ज्याने पोटाला चिमटा घेऊन भरून काढली, त्याच्याकडे आमचे लक्ष अधिक जाते. शिष्यवृत्ती म्हणजे सबंध पूल नव्हे. काही फळ्या आपल्यालाच टाकाव्या लागतात.

आजची स्थिती बाबासाहेबांच्या काळाइतकी बिकट नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. भोपाळमध्येच केरवा धरणाच्या रस्त्यावर राष्ट्रीय विधि संस्था विद्यापीठ आहे. १९९७ च्या कायद्याने ते स्थापन झाले. तेथील प्रवेश अखिल भारतीय सामाईक परीक्षेने होतो. तिला सर्वत्र क्लॅट म्हणतात. प्रवेश मिळाला तरी वर्षाचा खर्च दोन लाखांच्या वर जातो, आणि हा आकडा ऐकूनच आपल्या घरांतील दिवे मालवतात. परंतु मध्य प्रदेश शासनाची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे, आणि तिच्यात क्लॅटद्वारे राष्ट्रीय विधि विद्यापीठात प्रवेश मिळविणाऱ्यांचा समावेश आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? विद्यार्थी मध्य प्रदेशचा मूळ निवासी हवा. राज्य मंडळाच्या बारावीत ७० टक्के, किंवा केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत ८५ टक्के गुण हवेत. आणि कुटुंबाचे उत्पन्न ठरविलेल्या मर्यादेत हवे. प्रारंभी ही मर्यादा ६ लाखांची होती, पुढे ती वाढविण्यात आली. शिक्षणशुल्क शासन भरते. खाणावळीचा खर्च आणि अनामत रक्कम मात्र आपली. ज्यांचे आईवडील असंघटित कामगार म्हणून श्रम विभागाकडे नोंदलेले आहेत त्यांच्या मुलांसाठी २०१८ पासून मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना आहे. आम्हांस पत्र लिहिणाऱ्या भगिनीने ही नोंदणी झाली आहे की नाही ते ह्याच आठवड्यात पाहावे.

क्लॅटची तयारी करून देणारे खासगी वर्ग फार महाग असतात. परंतु प्राध्यापक शमनाद बशीर ह्यांनी २०१० साली इडिया नावाची संस्था ह्याच कामासाठी उभी केली. वंचित घरांतील मुले हेरावीत, त्यांस विनामूल्य शिकवावे, आणि प्रवेशानंतरही त्यांचा हात सोडू नये, असा तिचा परिपाठ आहे. बशीर २०१९ साली निवर्तले. कार्य चालू आहे. ज्यांचा क्रमांक चांगल्या विधि विद्यापीठात लागतो त्यांच्यासाठी आदित्य बिर्ला शिष्यवृत्तीसारख्या गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्याही आहेत. ज्यांना पुढे परदेशी जावयाचे असेल त्यांच्यासाठी १८९२ साली स्थापन झालेला जमशेटजी टाटा ह्यांचा निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. १८९२ हेच साल कॉर्नेलियाबाईंच्या परीक्षेचे. हा केवळ योगायोग, पण सांगावासा वाटला. ऱ्होड्स शिष्यवृत्ती तर १९७७ पर्यंत स्त्रियांस मिळतच नसे; आज आपल्या मुलींना ती मागता येते.

महाराष्ट्रातील आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे की राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे, आणि २०२४ च्या जुलैपासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या काही वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र वसईचा रहिवासी दाखला भोपाळात चालत नाही आणि भोपाळचा वसईत. दोन्हीकडे नातलग असलेल्या कुटुंबांनी मूल कोठले हे आधी ठरवावे.

कर्जाचे नाव काढले की आपली माणसे दचकतात, आणि सावकारी ज्यांनी पाहिली आहे त्यांचे दचकणे रास्त आहे. तथापि २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने मंजूर केलेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक उत्तम संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामीन न घेता कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्क्यांची सवलत मिळते. संस्था त्या यादीत आहे की नाही हे प्रवेश घेण्यापूर्वी पाहावे.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. तो टाळला असता तर हे लेखन सोपे झाले असते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेरच आहेत. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. आदिवासींची गोष्ट निराळी आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, म्हणून आपल्या आदिवासी ख्रिस्ती मुलांनी त्या शिष्यवृत्त्या निःसंकोच मागाव्यात. परंतु ज्यांचे आजे-पणजे अस्पृश्य गणले गेले आणि नंतर ख्रिस्ती झाले, त्यांच्या नातवंडांस अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळत नाही. गावाने त्यांच्याकडे पाहावयाची दृष्टी बदलली नाही, पण सरकारी कागदाने बदलली. काही राज्यांत त्यांस इतर मागासवर्गात स्थान आहे, महाराष्ट्र त्यांपैकी एक. परंतु त्या सवलतीचे माप निराळे. अल्पसंख्याकांसाठी केंद्राच्या ज्या योजना होत्या त्यांपैकी परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाची पढो परदेस योजना आणि संशोधकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती ह्या २०२२ च्या सुमारास बंद झाल्या. उरलेल्यांविषयी जुन्या पत्रकावर भरवसा ठेवू नये. राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर त्या वर्षी काय खुले आहे तेच पाहावे.

ह्यातून एक मोह उत्पन्न होतो. शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि देवळाच्या नोंदवहीत दुसरा. कधी कधी एखादा बाप संकोचून आमच्याकडे येतो आणि विचारतो की, फादर, बाप्तिस्म्याची नोंद थोडी मागेपुढे करता येईल काय, किंवा मुलाचे नाव वहीतून वगळता येईल काय. आम्ही त्याला रागावत नाही. त्याच्या घरात चूल कशी पेटते हे आम्हांस ठाऊक असते, आणि ज्या नियमाने त्याला ह्या दारात आणून उभे केले तो नियम आम्हांस न्याय्य वाटत नाही. परंतु वहीला हात लावता येत नाही, आणि खोटे प्रतिज्ञापत्र करावयास आम्ही सांगू शकत नाही. खोट्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश तिसऱ्या-चौथ्या वर्षीही रद्द होऊ शकतो; मग पैसा गेला, वर्षे गेली आणि वकिलीची सनद मागताना चारित्र्याचा प्रश्न उभा राहिला. आणि समजा कोणी पकडले नाही, तरी ज्याला उद्या साक्षीदाराकडून शपथेवर सत्य वदवून घ्यावयाचे आहे त्याने पहिलाच कागद असत्य लिहावा, हे आमच्या मनास पटत नाही. ज्याला हा नियम अन्याय्य वाटतो त्याने कायदा शिकावा आणि न्यायालयात उभे राहून तसे म्हणावे.

परंतु मोह नाकारावयास सांगणाऱ्याने रिकाम्या हाताने सांगू नये. बापाला परत पाठविताना त्याच्या हाती दुसरे काही ठेवण्याची जबाबदारी धर्मग्रामाची आहे. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम ह्या २० वर्षांच्या तरुणाने काही मित्रांसह गरिबांच्या सेवेसाठी जी मंडळी काढली, तीच आज संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरली आहे. हा ओझानाम कायद्याचा विद्यार्थी होता हे आपण विसरलो आहोत. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले. त्यांनी काढलेल्या मंडळाने तांदूळ आणि औषधे द्यावीत, तशीच परीक्षेची फी द्यावी असे आम्हांस वाटते. क्लॅटच्या अर्जासच गेल्या काही वर्षांत ४००० रुपये पडत आले आहेत, अनुसूचित वर्गांस ३५००. रोजंदारीवरच्या घरात ही रक्कम मुलीच्या स्वप्नासाठी काढणे किती कठीण आहे, ते ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांना चटकन कळत नाही. सणाच्या मंडपावर आणि बँडवर होणाऱ्या खर्चातून पाच अर्जांची फी सहज निघेल. हे वाक्य काहींना रुचणार नाही. तरी ते येथेच राहू देतो.

कागदपत्रांविषयी चार शब्द लिहून थांबतो. शिष्यवृत्ती नाकारली जाते ती बुद्धी कमी पडल्यामुळे क्वचित. नावे जुळत नाहीत म्हणून पुष्कळदा. आपल्या लोकांत तर हा रोग फार. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मारिया, शाळेत मीरा, आधारपत्रावर मेरी, आणि आडनाव कधी बापाचे, कधी गावाचे. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसले किंवा त्यावरील नाव गुणपत्रिकेशी जुळले नाही, तर मंजूर झालेला पैसाही खात्यात पडत नाही. म्हणून गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच सर्वत्र करून घ्यावे, आणि ते बारावीच्या परीक्षेपूर्वी. मूळ निवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लोकसेवा केंद्रातून काढावा. समग्र क्रमांकात कुटुंबातील सर्वांची नावे आहेत ना, ते पाहावे. बाप्तिस्म्याचा दाखला ह्या कामी चालत नाही, तरी तो मागावयास लोक येतातच. येऊ देत, त्या निमित्ताने भेट होते.

क्लॅटचे अर्ज उन्हाळा सरल्यावर निघतात आणि परीक्षा अलीकडे डिसेंबरात होते, म्हणजे बारावीचे वर्ष अर्धे झालेले असतानाच. ज्यांना बारावीनंतर लगेच ते साधणार नाही त्यांनी निराश होऊ नये. आधी साधी पदवी घेऊन मग तीन वर्षांचा कायदा, हा मार्ग खर्चाने हलका आहे, आणि बाग सेवनियातील मुलांस बरकतुल्ला विद्यापीठ तर घराजवळच आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने कन्येची दहावीची गुणपत्रिका, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक घेऊन येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात जावे. कन्येलाही सोबत न्यावे. अर्ज तिने स्वतःच्या हाताने भरावयाचा आहे.